चार्ज होत नाही, की करून घेत नाही?

गोव्यातल्या साखळी गावाहून एका ताईंचं पत्र आलंय. लांब आहे, म्हणून मधला भाग गाळून देतो.

"तीन वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप आहे. आमच्या सेल्फ हेल्प ग्रुपचा सगळा हिशेब मी त्यावर ठेवते. एप्रिलमध्ये चार्जरची वायर लॅपटॉपकडच्या टोकाला, अगदी मानेशी तुटली. तो माळ्यावर टाकला आणि बाजारातल्या एका स्टॉलवरून नवा घेतला. नवा लावला की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चढत नाही. 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' असं दिसतं. तेव्हा ४० टक्के होती. वीज जाईल तशी उतरत गेली आणि आता शून्यावर आहे, म्हणजे वीज गेली की लॅपटॉपही गेला. हल्ली मंदही झालाय, एक्सेलची फाइल उघडेपर्यंत चहा होतो. सुरू करताना इंग्रजीत दोन-तीन ओळी येतात, पण एंटर दाबलं की जातात. दुकानात नेला तर त्यांनी मीटर लावून चार्जर ठीक असल्याचं सांगितलं. मदरबोर्ड गेलाय, ११,००० रुपये होतील म्हणाले. भाचा म्हणतो बॅटरी मेली, पण काढून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली तर जिवंत होते. सासूबाई म्हणतात ही पावसाची ओल आहे, तांदळाच्या डब्यात ठेव. चवथीच्या आधी ग्रुपचा माल जायचा आहे. कोणाचं ऐकू?"

ताई, तूर्त कोणाचंच ऐकू नका, आणि ११,००० रुपये तर अजिबात काढू नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय: एंटर दाबलं की जातात. त्या दोन-तीन ओळी म्हणजे लॅपटॉपची तक्रार आहे. गेले तीन महिने तो रोज सकाळी ती तुमच्यापुढे मांडतोय आणि तुम्ही रोज एंटर दाबून त्याला गप्प बसवताय. तुम्हालाच बोल लावत नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या दहातले नऊ जण हेच करतात.

त्या ओळी काय आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण बाकीच्या वर्णनावरून माझा अंदाज असा. चार्जरचा प्रकार आणि त्याचे वॅट ओळखता आले नाहीत, त्यामुळे बॅटरी कदाचित चार्ज होणार नाही आणि यंत्राचा वेगही कमी ठेवला जाईल, अशा अर्थाचा मजकूर असणार. तसं असेल तर तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच निघतं. चालतो पण चढत नाही, मंद झाला आणि सुरू होताना ओळी येतात, हे सगळं एप्रिलनंतरचं, म्हणजे नवा चार्जर आल्यापासूनचं आहे. मदरबोर्ड नेमका त्याच आठवड्यात जाणं हा फारच मोठा योगायोग झाला.

आता चार्जरचं तोंड हातात घ्या. आधी तो भिंतीच्या प्लगमधून काढा, मग उजेडात धरून आत बघा. गोल नळीसारखं तोंड असेल आणि मधोमध एक बारीक सुई दिसेल. नळीची बाहेरची बाजू ऋण, आतली धन, आणि या दोघांतून लॅपटॉपला लागणारे साधारण १९.५ व्होल्ट जातात. सुईतून वीज जात नाही, तिथून फक्त ओळख जाते. मूळ चार्जरमध्ये एक इवलीशी चिप असते. लॅपटॉप त्या सुईवरून तिला विचारतो, 'तू कोण, किती वॅटचा?' चिप म्हणते ६५ वॅटचा, की पुढचा कारभार सुरू. सगळ्या कंपन्यांची पद्धत हुबेहूब अशीच नाही, पण सुईवाल्या चार्जरचा मामला थोड्याफार फरकाने हाच.

उत्तर आलं नाही की लॅपटॉप सावध होतो. समोरचा चार्जर ४५ वॅटचा आहे की ९०चा, हे त्याला कळायला मार्ग नाही. स्वतः चालायलाही वीज लागते आणि बॅटरी भरायलाही. दोन्ही एकदम सुरू केलं आणि चार्जर तेवढ्या ताकदीचा नसला तर तो तापेल, बंद पडेल, कदाचित जळेलसुद्धा. म्हणून तो बॅटरी भरायचं थांबवतो, प्रोसेसरचा वेग खाली आणतो आणि कमीत कमी विजेवर दिवस काढतो. चहा होईपर्यंत एक्सेल का उघडत नाही ते आलं ना लक्षात? मी गिऱ्हाइकांना नेहमी विचारतो, लॅपटॉप चार्ज होत नाही की चार्ज करून घेत नाही? पहिल्यात काहीतरी तुटलेलं असतं. दुसऱ्यात सगळं धड असूनही लॅपटॉप नाही म्हणत असतो, आणि तो का नाही म्हणतोय ते शोधायचं असतं. तुमचा मामला मला दुसरा वाटतो.

दुकानदाराला मात्र लबाड ठरवू नका. त्याने मीटरचं एक टोक नळीच्या आत आणि दुसरं बाहेर लावलं, १९ च्या वर आकडा आला, चार्जर ठीक. वीज येतेय एवढंच मीटर सांगतं, ओळख सांगत नाही. चार्जर ठीक, बॅटरी भरत नाही, म्हणजे दोष बोर्डात, असा त्याचा सरळ हिशेब. चूक एवढीच की तिसरी, सुईची तार त्याने मोजलीच नाही.

ही चूक मीही केलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी घरच्याच एका लॅपटॉपला हीच व्यथा झाली. मी मीटर लावला, १९.६ दिसलं आणि मोठ्या आत्मविश्वासाने बॅटरीवर खापर फोडलं. नवीन बॅटरी मागवली, बसवली, तरी जैसे थे. मग कोणाचा तरी चार्जर सहज म्हणून लावून बघितला तर दोन मिनिटांत चार्जिंगचा दिवा बदलला. ती नवी बॅटरी अजून माझ्या कपाटात पडून आहे. तेव्हापासून टेबलावर नियमच केला: विकत घेण्याआधी उसनं आणायचं.

तुम्हालाही तेच सांगतो. त्याच कंपनीचा, सुईवाला आणि मूळचा चार्जर तासाभरासाठी कोणाकडून तरी उसना आणा. शाळेतल्या शिक्षिका असतील, शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा असेल, नाहीतर ग्रुपमधल्याच कोणाची मुलगी. लावण्याआधी पाठीवरची चिठ्ठी वाचा. तिथे 'आउटपुट' पुढे १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असं काहीसं छापलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार केला की ६५ वॅट येतात. व्होल्ट तुमच्या जुन्या चार्जरइतकेच हवेत आणि तोंडही तेच हवं. अँपिअर जास्त असले तर बिघडत नाही, कारण लॅपटॉप लागतील तेवढेच घेतो. कमी असले तर मात्र पुन्हा तेच रडगाणं. हीच चिठ्ठी तुमच्या बाजारातल्या चार्जरवरही वाचा. अशा चार्जरवर कधी ६५ छापलेलं असतं पण आत चिपच नसते, तर कधी सुई असते आणि तिला आतून तारच जोडलेली नसते.

उसना चार्जर लावून लॅपटॉप सुरू करा आणि यावेळी एंटर न दाबता बघा. ओळी आल्याच नाहीत, दिवा बदलला, तर तुमचं दुखणं चार्जरचं होतं. आणखी खात्री हवी असेल तर सुरू होतानाच बायोसमध्ये, म्हणजे विंडोज उघडण्याआधीच्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाता येतं. कुठे एफ-२ दाबावं लागतं, कुठे एफ-१०. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तिथल्या बॅटरीच्या पानावर चार्जर किती वॅटचा आहे तेही लिहिलेलं असतं. तुमचा बाजारातला चार्जर लावल्यावर तिथे 'अननोन' आलं आणि उसना लावल्यावर ६५ वॅट आलं, की त्याचा मोबाइलवर फोटो काढून दुकानदाराला दाखवा. वाद घालायचं काम नाही.

इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून लोक दोन उपाय आधी करतात, तेही सांगून टाकतो. एक, चार्जर काढून पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरायचं आणि मग चार्जर लावायचा. दुसरा, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीजखाली 'एसीपीआय कंप्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी' अशी नोंद असते, ती अनइन्स्टॉल करून लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा, विंडोज ती आपोआप परत बसवतं. दोन्ही फुकटचे आहेत आणि सहसा नुकसान करत नाहीत, खुशाल करा. बॅटरीवर नजर ठेवणारी चिप कधीकधी गोंधळलेली असते, ती याने ताळ्यावर येते. पण चार्जर ओळखता येत नाही असा मजकूर येत असेल तर यांनी फरक पडलेला मी फारसा पाहिलेला नाही.

आता समजा, मूळ चार्जर लावला, ओळी गेल्या, पण टक्के मात्र शून्यावरून हलत नाहीत. घाबरून लगेच काढू नका. तुमची बॅटरी बराच काळ रिकामी पडून आहे. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टला असतो आणि साधारण ३ व्होल्टच्या खाली तो न्यायचा नसतो. त्याहून खाली गेलेल्या सेलला बॅटरीतला राखणदार, म्हणजे तिच्यातलं छोटं सर्किट, एकदम पोटभर वीज देत नाही. उपाशी माणसाला आधी पेज पाजावी तशी अगदी बारीक धार देतं. दोन-तीन तास लावून ठेवा, जवळपास राहा, बॅटरीच्या जागी हात ठेवून बघत जा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

पण सेल फारच खाली गेला असेल तर ते सर्किट कायमचं दार लावून घेतं. लोकांना वाटतं हा कंपनीचा डाव आहे. तसं नाही. खूप उतरलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळू लागतं आणि पुन्हा भरताना ते भलत्याच जागी साठून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. असा सेल मग पेट घ्यायलाही कमी करत नाही. म्हणून कोणी 'बाहेरून डायरेक्ट करंट देऊन बॅटरी उठवून देतो' म्हणाला तर हात जोडा आणि निघा. तशी वेळ आली तर नवी बॅटरीच घ्यायची.

बॅटरीची खरी अवस्था बघायला एक सोपी सोय विंडोजमध्येच आहे. स्टार्टवर उजवी क्लिक करून टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत 'पॉवर' आणि त्याला चिकटून सी-एफ-जी लिहा, एक जागा सोडा, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'बॅटरी' व 'रिपोर्ट' हे शब्द एकत्र. एंटर. इथे दाबलेला चालतो! अहवाल कुठे ठेवला ते पडद्यावर येईल, ती फाइल ब्राउझरमध्ये उघडते. त्यात दोनच आकडे बघा, 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी'. पहिला नवी असतानाचा, दुसरा आज ती किती धरू शकते त्याचा. समजा पहिला ४२,००० मिलिवॉट-अवर आहे आणि दुसरा ३३,००० च्या आसपास, तर तीन वर्षांच्या मानाने तब्येत छान. दुसरा २०,००० च्या खाली असेल तर बॅटरी म्हातारी झाली. चार्ज व्हायला लागली तरी ती तुम्हाला फार वेळ साथ देणार नाही. साधारण ३०० ते ५०० वेळा भरून उतरल्यावर या बॅटऱ्या मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येतात, हे तिचं नेहमीचं वय आहे.

दुसरी शक्यता अशी की मूळ चार्जर लावूनही त्याच ओळी येतात. तरीसुद्धा मदरबोर्डावर उडी मारायची नाही. मध्ये एक ठिकाण राहतं: चार्जर जिथे घुसतो ते लॅपटॉपच्या अंगातलं भोक, म्हणजे जॅक. आणि इथे सासूबाईंचं म्हणणं निम्मं खरं ठरतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेला पाण्याचाच वास असतो. किनाऱ्याकडच्या घरांत त्यात मिठाची भर. कपाटातल्या चपलांना आठ दिवसांत बुरशी येते, तिथे तांब्या-पितळेच्या बारीक पत्तीचं काय घेऊन बसलात. टॉर्च मारून जॅकच्या आत बघा. हिरवट किंवा पांढरट थर दिसला तर तो गंज आहे. वीज जाते त्या जाड पत्त्यांना तो सहज पचतो, पण ओळखीचा निरोप अगदी अशक्त असतो, तो एवढ्याशा थरानेही अडतो. कधी आत वाकलेली पत्ती दिसते, कधी कापसाचा धागा, आणि एकदा मला मेलेल्या लाल मुंग्यांची अख्खी वसाहत मिळाली होती.

साफ करायचं तर लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर. मऊ ब्रश, त्याला औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन थेंब, हलक्या हाताने फिरवा आणि अर्धा तास वाळू द्या. सुई, सेफ्टीपिन, रॉकेल, खोबरेल यांतलं काही नको. खोबरेल लावून आणलेला जॅक मी पाहिलाय म्हणून लिहितोय. एवढ्याने भागलं नाही तर दुकानात फक्त जॅक बदलायला सांगा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये जॅक बोर्डावर डाखलेला नसतो. वायरीच्या शेपटीसह वेगळा मिळतो आणि खटकन् बसतो. त्याचा खर्च आणि मदरबोर्डाचा खर्च यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. जॅकही बदलला, चार्जरही मूळचा, तरी ओळख पटत नसेल, तेव्हा बोर्डाकडे बोट दाखवायचं. तेव्हासुद्धा 'बोर्ड बदला' म्हणण्याआधी 'चार्जर ओळखणारं सर्किट दुरुस्त होतं का' हे विचारा.

तांदळाचा डबा मात्र नको. उकडे असोत की सुरय, तांदूळ जॅकमधली ओल काही ओढून घेत नाही. उलट त्यांची भुकटी आत जाऊन बसते. फ्रीजचा उपाय त्याहून वाईट. सोलकढीचा थंड ग्लास बाहेर काढला की मिनिटभरात अंगाला पाणी सुटतं ना? बॅटरीचंही तेच होईल, फक्त पाणी आतल्या सर्किटवर. थंडाव्यात ठेवली तर बॅटरी सावकाश म्हातारी होते हे खरं, त्यावरूनच हे खूळ निघालं असावं. पण मेलेली जिवंत होत नाही. भाच्याला सांगा, त्याच्या उत्साहाला मी दुसरं काम देतो: उसना चार्जर शोधून आणायचं.

शेजाऱ्यांनी अजून 'व्होल्टेज कमी असेल' असं सांगितलेलं दिसत नाही, पण सांगतील. संध्याकाळी पंखा रेंगाळतो, ट्यूब लुकलुकते, तेव्हा लॅपटॉपवर संशय जाणं साहजिक आहे. चार्जरच्या चिठ्ठीवर 'इनपुट १०० ते २४० व्होल्ट' असं वाचायला मिळेल. घरात २३० च्या जागी १८० आले तरी त्याला काही वाटत नाही. त्याला मारते ती परत येणारी वीज. वाऱ्यात माडाची झावळी तारेवर पडली, वीज गेली, तासाभराने आली ती झटक्यासह, त्या झटक्यात चार्जर जातात. वीज गेली की प्लग काढायचा, परत आल्यावर पाचेक मिनिटं थांबून लावायचा. मेघगर्जना सुरू असेल तेव्हा भिंतीवरचं नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच बाहेर हवा. आणि लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात फिरवताना बारीक मुंग्या येत असतील तर तीन पिनी प्लग दोन पिनी सॉकेटमध्ये घुसवलेला आहे का, घराला अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून बघून घ्या.

याच आठवड्यात मडगावहून एका वाचकांनी चार ओळींत विचारलंय की त्यांची बॅटरी ८० टक्क्यांवर येऊन थांबते, बदलू का? अजिबात नको. बॅटरी जास्त टिकावी म्हणून बऱ्याच कंपन्या ६० किंवा ८० टक्क्यांची मर्यादा घालण्याची सोय देतात. कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये ती सुरू असणार. सतत प्लगला लावून काम करत असाल तर तशीच राहू द्या, चांगली आहे. ज्यांचा लॅपटॉप टाइप-सी वायरीवर चार्ज होतो त्यांच्यासाठीही एक ओळ. तिथे सुई नसते, पण विचारपूस तिथेही होतेच. आधी ५ व्होल्टवर बोलणी, मग ठरलं तर २०. मोबाइलचा चार्जर किंवा मोबाइलबरोबर आलेली बारीक वायर त्या बोलण्यांत बऱ्याचदा नापास होते, म्हणून लॅपटॉप नुसता बघत बसतो.

आणि गाडीत किंवा पत्र्याखालच्या खोलीत तापलेला लॅपटॉप लगेच चार्जिंगला लावणाऱ्यांनो, साधारण ४५ अंशांच्या वर बॅटरी स्वतःच भरून घ्यायला नकार देते. गार होऊ द्या, मग लावा.

ताई, हे सगळं करण्याआधी एक तपासणी, ती मी खरं तर पहिल्यांदा सांगायला हवी होती. लॅपटॉप बंद करून सपाट लादीवर ठेवा आणि कोपरे दाबून बघा. डुगडुगतो का? टचपॅड वर आलाय का, क्लिक करायला जड जातंय का? खालच्या झाकणाला फट पडलीये का? यांतलं काहीही 'हो' असेल तर बॅटरी आतून फुगलीय. मग उसना चार्जर नको, अहवाल नको, काहीच नको. लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर, दुकानात नेऊन ती बॅटरी काढून घ्या. दाबायची नाही, टोचायची नाही, घरी स्क्रू उघडायचे नाहीत. आत साठलेला वायू पेट घेणारा असतो. काढलेली बॅटरी पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर आग लागते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ पासून आहेत आणि जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी त्यांत उत्पादकांवर टाकलेली आहे, तेव्हा नवी घेताना जुनी दुकानातच किंवा कंपनीच्या केंद्रात द्या, जोडणीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून. नवी घेताना तिच्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि नोंदणी क्रमांक बघून घ्या, स्वस्तातल्या बिननावाच्या नकोत.

ग्रुपचा हिशेब आजच्या आज पेनड्राइव्हवर उतरवा. बॅटरी शून्यावर आहे, म्हणजे विजेचा एक झटका आणि उघडी फाइल गेली. काम करताना दर पाच मिनिटांनी सेव्ह, ऑटोसेव्हवर विसंबू नका.

राहिला खर्चाचा प्रश्न. मूळ चार्जर नवा घ्यावा लागेल हे धरून चाला, पण त्याआधी माळ्यावर चढा. तुमचा जुना चार्जर मानेशी तुटला असं लिहिलंय तुम्ही. म्हणजे वीट, चार्जरचा तो चौकोनी ठोकळा, तशीच असेल, ओळख सांगणारी चिपही तिच्यातच शाबूत असेल, फक्त शेवटची दोन इंच वायर गेली. ती वीट प्लगला लावा. तुटलेल्या टोकाला हात लावू नका आणि तारा एकमेकींना चिकटू देऊ नका. विटेवर दिवा असेल आणि तो पेटला तर प्लग काढून ती पिशवीत घाला आणि दुकानदाराकडे न्या. त्याला सांगा, तीन तारांचं नवं तोंड बसवून दे आणि सुईची तार वेगळी सांभाळ. हे घरी करू नका, भाच्यालाही देऊ नका. सुईच्या तारेला चुकून १९ व्होल्ट लागले तर बोर्डातलं ओळखीचं सर्किट जळतं, आणि मग दुकानदाराचे ते ११,००० खरे ठरतील.